माजाची सुई

धुकं वर उठलं तेव्हा शालिग्रामला बांधापाशी उकरलेली माती दिसली. मटराच्या चार ओळी मुळासकट उलथ्या पडल्या होत्या आणि भरत आलेल्या शेंगा चिखलात चघळून टाकलेल्या होत्या. त्याने एक वेल उचलली, झटकली आणि परत खाली टाकली. जबलपूरजवळच्या पाटणकडच्या या पट्ट्यात रानडुकरं काही नवी नव्हती. पण सहा वर्षांत झुमरीला न उठवता ती आत शिरली, असं एकदाही झालं नव्हतं.

"झुमरे! ए झुमरे!"

एरवी एवढ्या हाकेला ती दोन शेतांवरून धावत यायची. तांबडी, एक कान चिरलेली, छातीवर पांढरा डाग असलेली गावठी कुत्री. आज ती आली नाही. गोठ्यात, गायीच्या गव्हाणीमागे पोत्यावर पडून होती. त्याला पाहून तिने शेपटी दोनदा जमिनीवर आपटली, पण उठली नाही. बाजूची पाण्याची घमेली रिकामी होती. रात्री झोपायच्या आधी त्यानेच ती काठोकाठ भरली होती.

"पाणी पिऊन पिऊन राहिली," दारातून विनता म्हणाली. तिच्या हातात दूध-पोळीचा कुस्करा होता. "खात नाही काही. कालपण असंच. मी सांगू तुम्हाला? पोटुशी आहे ती."

"कोण?"

"कोण म्हणजे? झुमरी. पोट बघा न तिचं." विनता उकिडवी बसली आणि कुत्रीच्या पोटावरून हात फिरवू लागली. "दसऱ्याच्या सुमारास कुत्रे मागे लागले होते न हिच्या? मोजा. दोन महिने होत आले. येत्या आठ-पंधरा दिवसांत पिल्लं टाकते बघा."

डुकरांनी केलेल्या नुकसानीचं तेवढं शालिग्रामने सांगितलं आणि फावडं घेऊन तो बांधाकडे गेला.

माती ओढताना त्याचं लक्ष मातीत नव्हतं. झुमरीला पिल्लं होऊ शकत नव्हती. निदान सुई देणाऱ्या त्या माणसाने तरी तसं छातीठोक सांगितलं होतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत झुमरी सहा पिल्लं व्याली होती. तोडणी ऐन भरात, बायका ओळींमध्ये वाकलेल्या, आणि विनता दर तासाला गोठ्यात. तीन आठवड्यांची झाली आणि पिल्लांना रक्ताची हगवण लागली. पाच दिवसांत सहाही गेली. विनता एकेकाला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायची आणि पेरूखाली पुरून यायची. शेवटचं गेलं त्या दिवशी तिने चूल पेटवली नव्हती. झुमरी पेरूखाली माती उकरत राहायची आणि विनता तिला ओढून आणायची. त्या वर्षी शालिग्रामने ठरवलं होतं, हे पुन्हा नको.

आठवडी बाजारात गुरांना सुया देत फिरणारा एक माणूस होता. डॉक्टर नव्हता, पण सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे. त्याने उपाय सांगितला. माजाची सुई द्यायची; कुत्री माजावर येत नाही, आली तर माज उतरतो, पोट राहत नाही. शालिग्रामने ती दोनदा दिली. यंदा दसऱ्याच्या आधी पेरणीच्या वेळी झुमरी तरीही माजावर आली. गावातले सात-आठ कुत्रे नव्या वाफ्यांतून नाचू लागले, तेव्हा त्याने त्या माणसाला शेतावरच बोलावलं. विनता तेव्हा जबलपुरात, कांचघरला लेकीकडे गेली होती. परत आल्यावर तिने विचारलं, हिच्या मांडीला गाठ कसली? तो म्हणाला, पिसाळू नये म्हणून देतात ती, पिसाळण्याची सुई दिली.

एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं काहून बोललो, हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. पिल्लांचा विषय काढला की विनताचा चेहरा उतरायचा, म्हणून असेल. आणि आता ती इतकी खुलली होती की, सुई लागू पडली नसेल, असं त्यालाही वाटू लागलं. नसेल लागू पडली. आठवडी बाजारातलं औषध ते. होतील पिल्लं.

विनताने गोठ्याचा कोपरा झाडून काढला. गव्हाचा भुसा पसरला, त्यावर पोतं, पोत्यावर जुनी गोधडी. दुपारी मजूर बायका भाकरी खायला बसल्या की ती झुमरीला उन्हात आणायची आणि तिच्या अंगावरचे गोचीड काढायची. यंदा गोचीड फार होते. पाऊस लांबला होता, गोठ्याच्या भिंतीच्या फटीफटीत ते बसलेले. कानात, बोटांच्या बेचक्यात, मानेखाली वाटाण्याएवढे टम्म फुगलेले. विनता एकेक उपटून रॉकेलच्या डबीत टाकायची.

"किती रक्त पितात मेले. पोटुशीच्या अंगावर असे बसले तर पिल्लांना काय उरेल?"

तिने गूळ-तुपाचे लाडू वळले. झुमरीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. विनताने लाडू फोडून तिच्या ओठांना लावला. केवळ तिचं मन राखायला घ्यावं तसं झुमरीने थोडं चाटलं आणि लगेच पिवळं पाणी ओकली.

"असं होतं दिवस भरताना," विनता म्हणाली.

आठ दिवस गेले. पोट वाढत होतं आणि बाकीची कुत्री आटत होती. पाठीचा कणा वर आला, डोळे खोल गेले. शालिग्राम रोज सकाळी गोठ्यात डोकावायचा आणि रोज स्वतःला सांगायचा, आज विनताला सांगू. मग पिकअप यायची, शेंगांचे बोरे भरून शिवायचे असायचे, बायकांना ओळी वाटून द्यायच्या असायच्या. रात्री तो स्वतःच डबा बडवत शेताला फेऱ्या मारायचा. झुमरी त्याच्या मागे दारापर्यंत यायची आणि तिथेच बसकण मारायची.

नवव्या दिवशी सकाळी विनताची हाक आली. तिचा आवाज ऐकून तोडणीच्या बायकासुद्धा उभ्या राहिल्या.

झुमरीच्या एका नाकपुडीतून रक्ताची बारीक धार लागली होती. गोधडीवर लघवी झाली होती आणि तिचा रंग काळ्या चहासारखा होता. शालिग्रामने तिचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या.

"हे पोटुशीचं नाही," तो म्हणाला.

विनता त्याच्याकडे बघत राहिली. "मग काय आहे?"

"चल. जबलपूरला नेऊ."

मटर नेणारी पिकअप बांधाशी उभीच होती. शालिग्रामने झुमरीला पोत्यासकट उचललं. ड्रायव्हरने वाकून पाहिलं आणि मान हलवली. "चाचा, ये आगे नहीं बैठेगी. सीट पे खून लगेगा. पीछे डाल दो."

"भैया, ठंडी हवा लगेगी पीछे."

"तो आप पकड़ के बैठो न पीछे."

विनता पुढे बसली. शालिग्राम मागे, शेंगांच्या बोऱ्यांवर, मफलर कानाला गुंडाळून, झुमरीला मांडीत घेऊन बसला. डिसेंबरचं वारं डोळ्यांत पाणी आणत होतं. रस्त्यात एका ठिकाणी गाडी थांबली तेव्हा चहाच्या टपरीवरचा एकजण हसून ओरडला, "क्या चाचा, मटर के साथ कुत्ता भी बेचने चले?" शालिग्रामने नुसतं पोतं तिच्या अंगावर ओढून घेतलं. तिच्या नाकातलं रक्त त्याच्या धोतरावर सुकत होतं. ती मधूनमधून त्याचा अंगठा चाटत होती आणि तिची जीभ गार होती.

नेपियर टाउनमध्ये जनावरांचा एक दवाखाना होता. लेक प्रणोती कांचघरहून स्कूटरने थेट तिथे आली. ती शाळेत शिकवायची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. डॉक्टर यामिनी तिच्याच वयाची. टेबलावर झुमरीला ठेवलं तेव्हा तिने आधी कुत्रीच्या कपाळावर हात ठेवला, मग थर्मामीटर काढलं.

"काका, काकू, तुम्ही मराठीतच बोला. मला समजते सगळी. बोलताना माझी जरा गडबड होते." तिने ओठ उचलून पाहिले. "कब से नहीं खा रही?"

"आठ-नऊ दिवस झाले," विनता म्हणाली. "मला वाटलं पोटुशी आहे."

डॉक्टरने कानाच्या टोकाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला. टोचलेल्या ठिकाणचं रक्त थांबेना. "काकू, हा कापूस दाबून धरा," ती म्हणाली. विनताने धरला. कापूस भिजला, दुसरा घेतला, तोही भिजला. एवढ्याशा छिद्रातून रक्त येतच राहिलं. डॉक्टर ते नुसतं पाहत होती.

मग पोटावरचे केस काढून सोनोग्राफी झाली. पडद्यावर काळ्या जाड नळ्या दिसत होत्या, एकीला लागून दुसरी.

"हे काळं आहे न, काकू, हे सगळं पू आहे. गर्भपिशवी पूर्ण भरली आहे. तोंड जवळजवळ बंद आहे, म्हणून बाहेर येत नाही. आतच विष पसरून राहिलं."

"आणि पिल्लं?" विनताने विचारलं.

"पिल्लं नाहीत."

"एकही?"

"नाही, काकू."

विनताने पडद्याकडे पाहिलं, मग झुमरीच्या पोटाकडे. कानाला धरलेला हात तिने काढला नाही.

डॉक्टर आतल्या खोलीत जाऊन काच बघून आली. "दुसरी गोष्टपण आहे. हिच्या रक्तात किलनीचे, म्हणजे गोचिडांमुळे येणारे, किडे आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत, पण रक्ताच्या पेशी फोडतात. म्हणून लघवी काळी. आणि ज्याने रक्त गोठतं, ते घटकपण फार कमी झालेत. तीसुद्धा गोचिडांचीच करणी असावी. हिच्यात रक्त पावभर उरलंय असं समजा." ती थांबली. "एक विचारू? हिला कधी माज बंद करायची सुई दिली होती?"

"छे!" विनता लगेच म्हणाली. "पिसाळण्याची सुई तेवढी देतो आम्ही. हेच देऊन आणतात. हो न हो?"

डॉक्टरने शालिग्रामकडे पाहिलं. प्रणोतीनेही पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "तीच."

थोड्या वेळाने चहाचं निमित्त करून तो बाहेर पडला. गल्लीत कोचिंगची पोरं सायकली लावत होती. तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरला. डॉक्टर बेसिनपाशी हात धूत होती.

"डॉक्टर, मघाशी मी खोटं बोललो."

"अच्छा." ती वळली नाही. "शेवटची कधी दिली?"

"दसऱ्याच्या आधी. माजावरच होती तेव्हा."

तिने नळ बंद केला. "माजावर असताना दिली तर पिशवी सडायचा धोका खूप वाढतो. न देतापण होतं हे, काका, ते मी नाकारत नाही. पण दिल्यानं फार वेळा होतं. गोचिडांचं दुखणं तुमच्यामुळे नाही. नुसता पू असता तर आजच ऑपरेशन करून मोकळी झाली असती. नुसते गोचिडांचे किडे असते तर औषधाने निघाले असते. दोन्ही एकत्र आलं. ऑपरेशन केलं तर रक्त थांबणार नाही, नाही केलं तर विष थांबणार नाही."

"मग?"

"दुसऱ्या कुत्र्याचं रक्त पाहिजे. रक्त चढवून, औषध देऊन, उद्या सकाळी पिशवी काढू. आणि काका, मला हे कागदावर लिहावं लागेल. काकूंना मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगा."

रक्तासाठी प्रणोतीने दहा-बारा फोन केले. शेवटी डॉक्टरनेच दोन गल्ल्या पलीकडच्या बापूसाहेबांचं नाव सुचवलं. रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. त्यांचा बंडू नावाचा लॅब्रेडोर होता, गुबगुबीत आणि निरोगी. बापूसाहेब अर्ध्या तासात बंडूला घेऊन आले. स्वेटरवर मफलर, डोक्याला माकडटोपी. बंडूच्या रक्ताचा आणि झुमरीच्या रक्ताचा मेळ बसतो का हे आधी बघितलं. मग त्याला कुशीवर निजवलं. त्याच्या मानेतून लाल नळी पिशवीत उतरू लागली, तसे बापूसाहेब त्याच्या कानात पुटपुटत राहिले, "झालं, बेटा, झालं. शाबास. गावाकडची पाहुणी आहे, तिला द्यायचंय."

नंतर ते विनताजवळ बाकावर बसले. "हिला झालं कसं काय हो हे?"

"माझ्याच चुकीनं झालं," विनता म्हणाली. "मी पोटुशी समजून बसले. आठ दिवस लाडू चारत होते. पहिल्या दिवशीच आणली असती तर..." पुढचं तिला बोलता येईना.

"असं नसतं हो, ताई. जनावर बोलत नाही, माणसाला कसं कळणार?"

शालिग्राम भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या तोंडाशी शब्द आले. मग बंडू उठून लडखडत बापूसाहेबांकडे गेला, सगळे त्याच्याकडे बघू लागले, आणि शब्द परत गेले.

बंडूचं रक्त थेंबाथेंबाने झुमरीत गेलं. संध्याकाळपर्यंत तिच्या हिरड्यांवर फिकट गुलाबी छटा आली. तिने मान उचलली आणि विनताच्या पदराचा वास घेतला. विनता पहिल्यांदा हसली. "बघा, बघा न. ओळखून राहिली."

त्या रात्री ती दोघं प्रणोतीकडे कांचघरला राहिली. सकाळी परत आली तेव्हा संमतीचा कागद तयार होता. तो इंग्रजीत होता. विनताने तो वाचता येत असल्यासारखा दोन्ही हातांत धरला आणि प्रणोतीकडे दिला. "वाच गं. काय लिहिलंय?"

प्रणोती वाचू लागली. कुत्रीचं नाव, वय, वजन. मग तिचा आवाज थांबला. तिने वर वडिलांकडे पाहिलं. शालिग्रामने नजर खाली घातली.

"काय गं?"

"काही नाही, आई. औषधांची नावं आहेत." तिने कागदाची घडी घातली आणि वडिलांच्या हातात दिली. "बाबा, सही करा."

त्याने सही केली. अक्षरं एकमेकांवर चढली.

ऑपरेशन दीड तास चाललं. अकराच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आली. तिच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. "पिशवी निघाली. दोन किलोची होती. भूल चांगली झेलली तिने. आता रक्त थांबलं पाहिजे."

त्यांना आत जाऊ दिलं. झुमरी कुशीवर निजली होती, पोटाला पांढरी पट्टी, जीभ बाजूला लोंबलेली. पोट एकदम सपाट झालं होतं. विनता खाली जमिनीवर बसली आणि तिच्या डोक्यापाशी तोंड नेऊन हलक्या आवाजात बोलत राहिली. गाय कशी आहे, तोडणी किती झाली, दुपारपर्यंत कोणत्या बायका येतील, असलंच काहीतरी. साडेबाराला झुमरीने डोळे उघडले. पापणी जड होती, पण बुबुळं विनतावर ठरली.

एक वाजता पट्टीवर रक्ताचा एक ठिपका आला. रुपयाएवढा. डॉक्टरने पट्टी बदलली, आणखी एक सुई दिली. ठिपका पुन्हा आला, या वेळी तळव्याएवढा. बापूसाहेबांना फोन गेला, पण बंडूचं रक्त इतक्या लवकर पुन्हा काढता येत नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि डॉक्टरलाही. तरी ते आले आणि दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. प्रणोती बाहेर कुणाकुणाला फोन करत होती. "बड़ा डॉग चाहिए, भैया, हेल्दी, प्लीज," तिचा आवाज आत ऐकू येत होता.

झुमरीचं नाक पुन्हा वाहू लागलं. विनता पदराने पुसत होती. शालिग्रामने झुमरीचा पुढचा पाय हातात घेतला. बोटांच्या बेचक्यात एक गोचीड राहून गेला होता, बारका, अजून न फुगलेला. त्याने तो नखाने काढला आणि चिरडला.

दोन वाजून गेल्यावर तिने एक लांब श्वास घेतला. डॉक्टर छाती दाबत राहिली, बराच वेळ, मग थांबली आणि तिने स्टेथोस्कोप गळ्यातून काढला.

"सॉरी, काकू."

झुमरीचा चिरलेला कान उलटा झाला होता, तो विनताने सरळ केला.

शेतावर परतल्यावर पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे, जिथे जमीन मऊ होती, तिथे शालिग्रामने खड्डा खणला. तोडणीच्या बायका टोपल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. विनताने गोठ्यातली ती गोधडी आणली आणि तिच्यातच झुमरीला गुंडाळलं. माती लोटून झाल्यावर तिने हात धुतले आणि एक टोपली उचलून ओळीत शिरली.

पुढचे तीन दिवस ज्याने-त्याने विचारलं. दूध घ्यायला आलेल्याने, पिकअपवाल्याने, शेजारच्या शेतातल्या म्हातारीने. विनता प्रत्येकाला तेच सांगायची, तोच शब्द आधी. "मीच. मला वाटलं पोटुशी आहे. मीच आठ दिवस घालवले." ती जेवायला बसायची आणि दोन घासांनी उठायची. लाडवांचा डबा तिने गायीच्या गव्हाणीत रिकामा केला. रात्री डुकरं आली, शालिग्राम डबा बडवत धावला, तरी दोन ओळी गेल्या. सकाळी विनता त्या उलथ्या वेलींकडे बघत म्हणाली, "हेपण माझ्यामुळेच."

प्रणोतीचा फोन रोज यायचा. आईशी बोलून झालं की ती म्हणायची, "बाबांना दे." आणि तो फोन कानाला लावायचा तेव्हा ती फक्त एवढंच विचारायची, "सांगितलं?"

चौथ्या दिवशी मजूर बायकांच्या गावात लग्न होतं, तोडणीला कोणी आलं नाही. दोघंच शेतात होती. ऊन चढलं होतं, दव सुकलं होतं. एका ओळीच्या या बाजूने तो, त्या बाजूने ती. शेंगा टोपलीत पडण्याचा तेवढा आवाज. विनताची बोटं वेलीत अडकली, तिने ती सोडवली आणि कुणालाही उद्देशून नसल्यासारखी म्हणाली, "लाडू चारले मी तिला. विष भरलेलं होतं पोटात, आणि मी तूप चारलं."

शालिग्रामने हातातल्या शेंगा टोपलीत टाकल्या.

"विनता, तू काही केलं नाही."

"राहू द्या."

"ऐक. डॉक्टरने विचारलं होतं न, माजाची सुई दिली का म्हणून? दिली होती. मी दिली होती. पिसाळण्याची नव्हती ती."

ती वाकलेली होती, तशीच राहिली. तिच्या हातातली वेल हलत होती, मग हलायची थांबली.

"त्यानेच पू झाला. डॉक्टर म्हणाली, फार वेळा त्यानेच होतं. गेल्या सालची पिल्लं... तुझे हाल बघवले नव्हते मला. म्हणून मी..." त्याने टोपली बाजूला सारली. "तू पोटुशी म्हणालीस तेव्हाच मला सांगायला पाहिजे होतं. मला माहीत होतं. आठ दिवस मी घालवले. तू नाही."

लांब रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज येऊन विरला.

"किती वेळा दिली?"

"तीनदा. शेवटची पेरणीत."

"मी कांचघरला गेले होते तेव्हा."

"हो."

"तिला धरलं कोणी होतं?"

"मीच."

"तिने दात लावला? ओरडली?"

शालिग्रामने मान हलवली. "नाही. ती मांडीत बसली होती. सुई टोचली तरी माझा हात चाटून राहिली होती."

विनताने डोळे मिटले. तिचा हात छातीशी गेला आणि तिथेच थांबला. मग एकदम, आतून काही तुटावं तसा, तिच्या तोंडून आवाज निघाला, आणि ती मटराच्या ओळीत खाली बसली. सहा पिल्लांच्या वेळी रडली नव्हती, दवाखान्यात रडली नव्हती, तेवढी ती आता रडली. तोंडात पदर न घालता, मोठ्याने, उघड्या शेतात. शालिग्राम ओळ ओलांडून तिच्याकडे जाऊ लागला, तसा तिने एक हात पुढे करून त्याला थांबवलं. तो थांबला. ओळीच्या आपल्या बाजूला, तिच्यापासून दोन हातांवर, तोही खाली बसला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती उठली. चेहरा पुसला. अर्धी टोपली बांधापाशी ठेवली आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "जेवून घ्या. मी नंतर खाईन."

आणि चार दिवसांत पहिल्यांदा 'मीच' हा शब्द न उच्चारता ती घराकडे चालू लागली.